शनिवारी बारानंतर

नोएलीनच्या निम्म्या चादरी दोरीवर चढल्या होत्या आणि निम्म्या अजून टोपलीतच होत्या, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी आमच्या गल्लीतून बाहेर पडली. नोएलीनने हातातली उशीची खोळ तशीच खांद्यावर टाकली आणि ती कुंपणापाशी आली. मी इकडे कढीपत्त्याला पाणी घालत होते.

"गेली," ती म्हणाली.

"बारा वाजून सहा मिनिटं झालीत."

"मागच्या शनिवारी बारा दहाला गेली होती. चार मिनिटं लवकर. कुमुद, हे लक्षण बरं नाही."

तिचा नवरा मर्व व्हरांड्यात बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "पळून जाणाऱ्यांची वेळ लिहून ठेवायला तू काय तुरुंगावर आहेस का? आधी चादरी घाल वाळत."

चादरी तशाच राहिल्या. ती आमच्या मागच्या दाराने आत आली आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली. देवापुढचा दिवा अजून तेवत होता. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या देवाला सांगून ठेव. माझ्या देवाला मी सांगितलंय. दोघांनी मिळून काहीतरी करायला हवं."

हे फेब्रुवारीत घडलं. मी रोज सकाळी स्तोत्र म्हणून झालं की वहीत चार ओळी लिहिते, त्यात त्या दिवशी एवढंच आहे: "ऊन फार. टोमॅटो संपले. नोएलीनला डॉक्टरची काळजी."

ती काळजी काही पोकळ नव्हती. आमच्या वेरिंबा गावात त्याआधी चौदा महिने डॉक्टर नव्हता. म्हातारे डॉक्टर निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले आणि त्यांच्या जागी कोणी येईना. मर्वला साखरेचा त्रास आहे. डाव्या पायाला जखम झाली तेव्हा नोएलीन त्याला दर दोन दिवसांनी एकशे दहा किलोमीटरवर मलमपट्टीला नेत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गव्हाच्या ट्रकांच्या मधून गाडी चालवत. तरी करंगळी काढावीच लागली. मग जानेवारीत डॉक्टर वासिती तुइलोमा आल्या. मूळच्या फिजीतल्या, वय पस्तिशीच्या आत, उंच, हळू बोलणाऱ्या. शेजारचं बोटही काळं पडायला लागलं होतं. त्यांनी सात आठवडे रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी मर्वच्या घरी जाऊन ते बोट वाचवलं.

पण त्यांचा करार सहा महिन्यांचा होता, तीस जूनपर्यंत. पुढे राहायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं. आणि दर शनिवारी बारा वाजता दवाखान्याला कुलूप लागलं की त्या तीन तास गाडी हाकत शहरात जात, रविवारी संध्याकाळी परत येत. दवाखान्यात खिडकीवर बसणारी लॉरेल काहीच पोटात ठेवत नाही. तिने येऊन सांगितलं की डॉक्टर म्हणाल्या, "शनिवारी बारानंतर या गावात माणसाने करायचं तरी काय?"

हा प्रश्न नोएलीनला फार लागला. का लागला, ते तिचं आयुष्य माहीत असल्याशिवाय कळायचं नाही.

नोएलीन शिर्मर गावापासून सहा मैलांवरच्या शेतावर जन्मली. सोळाव्या वर्षी मुख्य रस्त्यावरच्या टेलिफोनच्या कचेरीत लागली. एका टोकाला कचेरी, दुसऱ्या टोकाला चर्च, मध्ये तीनशे पावलांची दुकानांची रांग. सगळं आयुष्य तिने या तीनशे पावलांत काढलं. टेलिफोनची कचेरी बंद झाली तेव्हा ती चार दारं सोडून कापडाच्या दुकानात उभी राहिली. मालकीण वारल्यावर तेच दुकान तिने चालवलं, बाविसेक वर्षं. शनिवारी बरोबर बारा वाजता रस्त्यावरची सगळी दुकानं बंद होतात, तेव्हा पहिलं दार तिच्या दुकानाचं लागायचं. दार लावून ती समोरच्या बाकावर बसायची. रस्ता रिकामा, पिंपळासारख्या मोठ्या झाडाची सावली डांबरावर, कुणाचं कुत्रं मधोमध झोपलेलं. मर्व गव्हाच्या वजनकाट्यावरच्या कामावरून सुटून तिथे यायचा, मग दोघं घरी जायची. अजूनही ती शनिवारी दुपारी त्या बाकावर जाऊन बसते. तिच्या लेखी तो रस्ता तेव्हा रिकामा नसतोच. आठवडाभर राबून तो जरा टेकलेला असतो.

आणि आता कुणीतरी विचारत होतं, इथे करायचं काय.

ती दोन दिवस गावभर हिंडली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मी मोजून आले. आपल्या गावात बघण्यासारख्या सहा गोष्टी आहेत. संग्रहालय, सभागृह, वाचनालय, बँडचा चौथरा, चर्चमधला ऑर्गन आणि गवतावर लाकडी गोळे घरंगळवायच्या खेळाची हिरवळ."

"बरोबर."

"सहाही शनिवारी बारानंतर बंद. का, माहितेय?"

मला माहीत होतं, पण तीस वर्षांत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्याकडे कुठलीच किल्ली त्या त्या जागी नसते. संग्रहालयाच्या दारावर पाटी आहे, "किल्ली औषधांच्या दुकानात मिळेल." सभागृहाची किल्ली मटणाच्या दुकानात. वाचनालयाची वर्तमानपत्रांच्या दुकानात. अडल्यावेळी कुणालाही मागता यावी म्हणून दुकानात ठेवायची, अशी रीत. आणि दुकानं शनिवारी बाराला बंद झाली की सगळं गाव सोमवारपर्यंत त्यांच्या गल्ल्यात कुलूपबंद.

नोएलीन किल्ल्या गोळा करायला निघाली. मी तिच्याबरोबर होते. औषधांच्या दुकानातला रेक्स पंचावन्न वर्षांचा आहे, पण नोएलीनसमोर अजून शाळेतला मुलगा होतो.

"किल्ली इथे चाळीस वर्षं आहे, नोएलीन. माझ्या वडलांपासून."

"आणि चाळीस वर्षांत शनिवारी दुपारी संग्रहालय कुणी पाहिलं?"

"कुणी मागितलीच नाही."

"तुझं दुकान बंद असताना मागणार कुणाकडे, रेक्स?"

रेक्सने बराच विचार केला. मग तो म्हणाला, "हे कुणी आधी बोललं नाही," आणि किल्ली काढून दिली. मटणवाला ग्लेन देताना म्हणाला, "आता गावात चोरी झाली तर पोलीस सरळ तुझ्याकडेच येतील बघ." नोएलीन म्हणाली, "येऊ देत, चहा पाजीन."

सगळ्या किल्ल्या केकच्या एका जुन्या डब्यात गेल्या. त्या रविवारी चर्च सुटल्यावर नोएलीनने पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं की संग्रहालय दर शनिवारी दोन ते चार उघडं राहील आणि त्यासाठी माणसं हवीत. तिने पाळीचा तक्ता करून आणला होता, मार्चपासून सप्टेंबरअखेर, प्रत्येक शनिवारापुढे एक रिकामी ओळ. ज्याची पाळी त्याने दार उघडायचं, झाडायचं, चहाचं बघायचं. डॉक्टरला गावात रमवायचंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांनी दहा वर्षांत संग्रहालयाची पायरी चढली नव्हती त्यांनीही नावं घातली. चहा संपायच्या आत तक्ता सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरला. असा तक्ता आमच्या गावाने कधी पाहिला नव्हता.

मर्वच्या पायाची पट्टी बदलत असताना नोएलीनने डॉक्टरांना आमंत्रण दिलं. "या शनिवारी दोन वाजता संग्रहालय उघडतंय. याल ना?" पाय हातात असताना नाही कसं म्हणणार. त्या आल्या.

आमचं संग्रहालय म्हणजे जुन्या बँकेच्या दोन खोल्या. एक तिजोरी, लोकर दाबायचं यंत्र, खोगिरं, एक पेंढा भरलेला गरुड ज्याचा एक डोळा कुठेतरी पडलाय, आणि टेलिफोनचा तो जुना फळा ज्यावर नोएलीनने नऊ वर्षं दोऱ्या खोचून लोकांचे फोन जोडून दिले. तिने डॉक्टरांना फळ्यासमोर बसवलं आणि कुणाची दोरी कुणाच्या घराला जायची ते दाखवलं. "ही शेवटची दोरी पाद्र्यांची. त्यांची बायको रोज दहा वाजता आईला फोन करायची. मी ऐकायची नाही. पण तिच्या आईची केकची कृती मला पाठ आहे." डॉक्टर हसल्या. नोएलीनने माझ्याकडे पाहिलं. जमतंय, असं तिच्या डोळ्यांत होतं.

मग डेस आला. डेस पूर्वी मेंढ्या कातरायचा.

"डॉक्टर, ही बघा. शंभर वर्षांपूर्वीची कातर. आमच्या आज्याची."

"छान आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि हा माझा गुडघा. वाकवला की असा आवाज येतो. ऐका."

त्यांनी ऐकला. गुडघ्यामागून ग्वेंडाची पाठ आली, पाठीमागून कुणाच्या सुनेची पुरळ. प्रत्येकीने केक आणला होता, आणि डॉक्टर जराशा उठल्या की चार हात पुढे यायचे. "तुम्ही बसा हो डॉक्टर, तुम्ही बसा." चार वाजता त्यांच्या मांडीवर तीन ताटल्या होत्या. आमच्याकडे ताटलीच्या पाठीला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहितात, म्हणजे ताटली गावभर फिरून घरी येते. त्या तिन्ही ताटल्या भरलेल्या त्यांच्याबरोबर घरी पाठवल्या.

पुढे एका शनिवारी ऑर्गन झाला, एका शनिवारी हिरवळीवर गोळे, एका शनिवारी सभागृहात पडद्यावर जुना सिनेमा. डॉक्टरांना गोळे टाकायला शिकवायला अकरा माणसं उभी होती, आणि त्यातल्या सात जणांनी शिकवता शिकवता खांदा कुठे दुखतो ते सांगितलं. डॉक्टर सगळ्यांशी गोड बोलल्या. सात शनिवार त्या आल्या. नोएलीन दर शनिवारी संध्याकाळी मला हिशोब द्यायची, आज किती वेळा हसल्या. सातव्या शनिवारी ती म्हणाली, "आज दोनदाच."

आठव्या शनिवारी बारा वाजून दोन मिनिटांनी पांढरी गाडी गल्लीतून गेली.

मर्व म्हणाला, "सात शनिवार तू तिला कामावर ठेवलंस. पांढरा कोट तेवढा घालू दिला नाहीस."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"मला काय विचारतेस? मी तर तिला अजूनही पायच दाखवतो."

ते बोलणं नोएलीनला पटलं. तिने जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "संग्रहालयात आजार सांगू नयेत," आणि दारावर चिकटवलं. पुढच्या शनिवारी माणसं आली आणि भिंतीला टेकून गरुडाकडे बघत उभी राहिली. गुडघा सोडून डॉक्टरांशी काय बोलायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. डेस दर पाच मिनिटांनी तोंड उघडायचा आणि पाटीकडे बघून मिटायचा. आणि डॉक्टर त्या दिवशी आल्याच नाहीत.

मे महिना असाच गेला. मर्वच्या पायाची पट्टी सुटली, तो काठी टेकत फाटकापर्यंत जायला लागला. नोएलीनने त्याला चालताना बघितलं की तिला आनंद व्हायचा आणि लगेच तोंड उतरायचं. एकदा भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "पुढच्या वेळी मला एकशे दहा किलोमीटर गाडी चालवता येईल की नाही, कुणास ठाऊक. डोळ्यांचं मी अजून त्याला सांगितलेलं नाही." तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्या आठवड्यात मी देवापुढे रोज दुसरी वात लावली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लॉरेलने सांगितलं की गावच्या कौन्सिलने डॉक्टरांकडे लेखी उत्तर मागितलंय, सोमवारपर्यंत.

त्याआधीचा शनिवार थंड होता, जून म्हणजे आमच्याकडे हिवाळा. पाळी ग्वेंडाची होती, पण तिच्या मेंढ्या विताहेत म्हणून ती येणार नव्हती. तिच्याऐवजी नोएलीन गेली, मी तिच्या सोबतीला. दार उघडलं, शेगडी पेटवली. दोन वाजले, अडीच वाजले, कुणी फिरकलं नाही. समोरच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नोएलीन काचेतून बघत म्हणाली, "किती छान दिसतो ना असा." मग थोड्या वेळाने, "मला वाटलं होतं, तिलाही दिसेल."

तेवढ्यात पांढरी गाडी दाराशी थांबली. डॉक्टर उतरल्या. दोन्ही हातांत ताटल्यांची चळत होती, हनुवटीपर्यंत.

नोएलीनचा चेहरा मी पाहिला. आमच्याकडे ताटल्या एकेक करून परत जातात, आज ही, पुढच्या महिन्यात ती, आणि मध्येच दुसऱ्या येतात. घरातल्या सगळ्या ताटल्या एकदम परत आल्या की समजायचं, माणूस सामान बांधतोय.

"किती आहेत?" नोएलीनने विचारलं.

"चौदा. नावं बघून लावल्यात." त्यांनी चळत टेबलावर ठेवली. वरच्या ताटलीत नारळाच्या दुधात भाजलेले पाव होते. "रिकाम्या आणायला बरं वाटेना. सगळ्यांना मिळून एवढेच जमले."

"सोमवारी उत्तर द्यायचंय ना तुम्हाला?"

"हो."

नोएलीनने पुढे विचारलं नाही. ती म्हणाली, "बसा डॉक्टर, मी चहा टाकते."

डॉक्टर बसल्या नाहीत. त्या शेगडीच्या वर भिंतीला लावलेल्या पाळीच्या तक्त्यापाशी उभ्या राहिल्या आणि बोट फिरवत वाचू लागल्या. मार्च, एप्रिल, मे. डेस, ग्वेंडा, रेक्स, लॉरेल, मी, आमचे हे, पाद्री, मटणवाला ग्लेन. बोट सप्टेंबरपर्यंत गेलं.

"यात सगळं गाव आहे," त्या म्हणाल्या.

"सगळं. तुमच्यासाठी," नोएलीन म्हणाली.

"मग माझं नाव का नाही?"

नोएलीनच्या हातात किटली होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही डॉक्टर आहात."

"मग?"

"तुम्हाला झाडायला कसं लावायचं? आठवडाभर आमच्यासाठी राबता. आणि येऊन सहा महिनेही झाले नाहीत, इतक्यात कुणाला कसं सांगायचं? बरं दिसत नाही."

हे मात्र खरं होतं. आमच्या गावात नव्या माणसाला काम सांगणं म्हणजे आगाऊपणा. आधी दोन-चार वर्षं त्याला खाऊपिऊ घालायचं, बसवायचं. चर्चमधल्या फुलांच्या यादीत नाव यायला मला चार वर्षं लागली होती, आणि त्या चार वर्षांत मी किती केक खाल्ले ते मलाच माहीत.

डॉक्टर तक्त्याकडे बघत हळूच बोलल्या. "सात शनिवार मी इथे बसून खाल्लं. एकदाही कुणी मला कप विसळू दिला नाही. मी उठले की चार जणी मला खाली बसवायच्या."

"मानानेच ना."

"मी शनिवारी शहरात जाऊन काय करते, माहितेय?"

"सिनेमा बघत असाल. बाजारहाट."

"माझी मावसबहीण मेरेओनी तिथे राहते. तिच्या चर्चमध्ये आमच्या बेटांवरची ऐंशी माणसं रविवारी जेवतात. मी शनिवारी जाऊन टॅरोचे कंद सोलते. रविवारी पातेली घासते. ऐंशी माणसांची. मग तीन तास गाडी चालवून परत येते."

नोएलीनने किटली खाली ठेवली.

"तुम्ही भांडी घासायला तीन तास जाता?"

"तिथे मेरेओनी मला म्हणते, ए वासिती, ते मोठं पातेलं राहिलं बघ, डोळे फुटले का? घरी लहानपणी शनिवारी आमच्या वाट्याला चर्चमधल्या चटया झटकायचं काम होतं. मी आणि माझे भाऊ. नदीवर नेऊन धुवायच्या, वाळवायच्या, परत घालायच्या. शनिवारी काय करायचं, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. इथे येऊन पडला."

शेगडीत लाकूड तडतडलं. नोएलीन खुर्चीवर बसली, मग उठली. तिने गरुडामागचा झाडू काढला आणि डॉक्टरांसमोर धरला.

"ग्वेंडा आज आली नाही," ती म्हणाली. "मागची खोली झाडायची राहिलीय. लोकरीच्या यंत्राखाली नीट काढ. तिथे सगळे वरवरचं झाडतात."

वर्षानुवर्षं "अहो डॉक्टर" म्हणणाऱ्या बाईने पहिल्यांदा कुठल्या डॉक्टरला "काढ" म्हटलेलं मी ऐकलं. डॉक्टरांनी अंगातला कोट काढून खोगिरावर टाकला, बाह्या वर केल्या आणि झाडू घेतला.

मी कप विसळत होते, नोएलीन पुसत होती, मागच्या खोलीतून यंत्र सरकवल्याचा आवाज येत होता. मग डॉक्टर बादली मागून घेऊन गेल्या आणि फरशी पुसायला लागल्या. साडेतीनच्या सुमाराला कौन्सिलचे अध्यक्ष नेव्हिल दारात आले. ते शेतावरून सरळ आले होते, बुटाला चिखल. ओल्या फरशीवर पाय टाकणार तेवढ्यात आतून आवाज आला, "पाय पुसून या."

नेव्हिल थांबले. त्यांनी पाय पुसले. मग पुन्हा बघून आणखी एकदा पुसले. आत येऊन ते म्हणाले, "डॉक्टर, ते सोमवारचं उत्तर..."

"सोमवारी," डॉक्टर म्हणाल्या. "जरा त्या बाजूने जा, इथे अजून ओलं आहे."

नेव्हिलना एक मणका त्रास देतो, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. त्या दिवशी त्यांनी मणक्याचं नाव काढलं नाही. फरशीचं फडकं पिळणाऱ्या बाईला मणका सांगायला कुणाला सुचत नाही. त्यांनी नारळाचा एक पाव खाल्ला, दुसरा खिशात घातला, आणि भिंतीच्या कडेकडेने बाहेर गेले. नोएलीनच्या त्या पाटीने जे झालं नव्हतं, ते एका बादलीने झालं.

चार वाजले. डॉक्टरांनी हात पुसले आणि त्या पुन्हा तक्त्यापाशी गेल्या.

"यातला कुठला शनिवार रिकामा आहे?"

नोएलीनचा आवाज बदलला. "सप्टेंबरचा तिसरा. त्याच्या आधी एकही नाही." मग घाईने ती म्हणाली, "पण एकवीस जून माझा आहे. तो घे. तीस तारखेच्या आत आहे."

"तो तुझा आहे."

"मी देतेय ना."

"दुसऱ्याचं नाव खोडून आपलं लिहायचं नसतं. आमच्याकडे तर चटयांच्या यादीतही खोडत नाहीत."

"मग राहू दे," नोएलीन म्हणाली. तिने पाठ फिरवली आणि आधीच पुसलेले कप पुन्हा पुसायला घेतले. जूनच्या तिसाव्या तारखेला करार संपणार, आणि सप्टेंबर कुठे. मला तिच्या पाठीकडे बघवेना, म्हणून मी शेगडीतला विस्तव मोडत बसले.

दोरीला बांधलेल्या पेन्सिलचा कागदावर आवाज झाला.

"नोएलीन, इथे नुसतं नाव लिहायचं की आडनावही?"

नोएलीनने वळून पाहिलं नाही. "नुसतं नाव चालतं," ती म्हणाली. "गावात वासिती एकच आहे."

"आणि सोमवारी कौन्सिलचं ऑफिस किती वाजता उघडतं?"

"नऊला. पण नेव्हिलला पावणेनऊला दाराशी उभं करते मी."

डॉक्टर गेल्यावर आम्ही दोघींनी तक्ता पाहिला. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारासमोर मोठ्या, उभ्या अक्षरांत नाव होतं. नोएलीन मागच्या खोलीत जाऊन आली. मग म्हणाली, "लोकरीच्या यंत्राखाली बघून आले. खरंच काढलंय." आणि डोळे पुसले. मोतीबिंदूमुळे पाणी येतं म्हणाली, आणि मी हो म्हटलं.

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी लॉरेलचा फोन आला. सही झाली होती, दोन वर्षांची. त्या चौदा ताटल्या नोएलीनने घरोघर पोचवल्या, आणि गुरुवारपर्यंत त्यातल्या पाच पुन्हा डॉक्टरांच्या व्हरांड्यात गेल्या होत्या.

वासिती अजून महिन्यातून एकदा मेरेओनीकडे जाते. बाकीचे शनिवार ती इथेच असते. तिचा सप्टेंबरचा शनिवार यायला अजून अवकाश आहे, पण ती वाट बघत बसत नाही. मागच्या आठवड्यात पाद्र्यांच्या बायकोने तिला चर्चच्या खिडक्या पुसायला सांगितलं. तिच्या तोंडावर सांगितलं, न लाजता. डेस गुडघ्यासाठी मंगळवारी दवाखान्यात गेला, रीतसर वेळ घेऊन. आणि नोएलीनच्या डोळ्यांचं वासितीला कळलंय. कुणी सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही.

आज शनिवार. पाळी असणाऱ्याकडे स्वतःची किल्ली हवी, असं नोएलीनने आता ठरवलं आहे. अकरा वाजून वीस मिनिटं झालीत, आणि बाराच्या आत वासितीसाठी संग्रहालयाच्या किल्लीची आणखी एक प्रत करून आणायला ती हार्डवेअरच्या दुकानाकडे निघाली आहे.